पुढं न ओढलेली बाकी

आमच्या घरात वळिवड्याच्या छावणीची गोष्ट तिघं सांगत आणि तिघांची गोष्ट वेगळी असे. आजी सांगे ती दुकानाची. थोरली आत्या सांगे ती मैत्रिणीची. दादा, म्हणजे माझे वडील, सांगत ती भांडणाची, कारण १९४३ साली ते नऊ वर्षांचे होते आणि छावणीतल्या कुणा गोऱ्या पोरानं त्यांची विटी पंचगंगेत भिरकावली होती. ज्यांच्यामुळं ही गोष्ट घरात आली ते आजोबा मात्र काहीच सांगत नसत. फार पाठीस लागलं तर म्हणत, "उधारीची गोष्ट कोण सांगतं व्हय? फेडली तर विषय संपला, बुडवली तर लाज त्याची."

आजोबा मूळचे खारेपाटणचे. वैश्यवाणी. विजयदुर्गाच्या खाडीतून एके काळी गलबतं थेट खारेपाटणच्या बंदरापर्यंत येत आणि तिथला माल घाट चढून देशावर जाई. खाडी गाळानं भरत गेली, गलबतं वर येईनाशी झाली, आणि बंदरावर जगणाऱ्या वाण्यांची पोरं एकेक करून मुंबईची नाहीतर कोल्हापूरची वाट धरू लागली. आजोबा लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी फोंडा घाट चढून आले. बैलगाडीत आमसुलांची पोती, काजू, एक ट्रंक आणि कडेवर आत्या.

शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवर त्यांना दिवाणजीच्या हाताखाली काम मिळालं, खोली मात्र मिळेना. तळकोकणचा माणूस, बोली निराळी, मासळी खाणारा, आणि ओळखदेख द्यायला गावात कुणी नाही. शेवटी एका लिंगायत विधवेनं पडवीतली खोली दिली. अट एकच : घरात मासळी शिजता कामा नये. आजीचं माहेर खाडीकाठचं, पण तिनं त्या खोलीत असेपर्यंत बांगड्याचा वास घेतला नाही. याचं तिला दुःख होतं, पण त्या विधवेबद्दल ती कधी वावगं बोलली नाही. "तिणा जागा दिली," एवढंच म्हणे.

पुढं पोलंडची माणसं वळिवड्याला आली तेव्हा पेठेतल्या बायकांनी आजीला विचारलं, "तुमी बी परगावच्या, त्या बी परगावच्या, मग तुमाला कळत असंल त्यांचं." आजीनं त्यांना काय उत्तर दिलं ठाऊक नाही, पण आम्हाला ती सांगायची ते मालवणीतच सांगायची. "आमी आपल्या पायान इलंव. तेंका हाकलल्यानी." पोटासाठी घाट चढणाऱ्याचं घर मागं शाबूत असतं. गणपतीला जाता येतं, शिमग्याला जाता येतं, भावकीशी भांडायलासुद्धा जाता येतं.

ही माणसं हाकलली गेली होती ती पोलंडच्या पूर्व भागातून. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरनं पश्चिमेकडून आणि स्टालिननं पूर्वेकडून पोलंड वाटून घेतला. १० फेब्रुवारी १९४०च्या रात्रीपासून सोव्हिएत पोलीस पूर्वेकडच्या घरांच्या दारांवर थापा मारू लागले. वनरक्षक, माजी सैनिक, शेतकरी, शिक्षक अशा कुटुंबांना थोड्या वेळात सामान बांधायला लावून गुरांच्या वाघिणींत भरलं आणि सैबेरियाला, अर्खांगेल्स्कच्या जंगलांत, कझाकस्तानच्या माळावर नेऊन टाकलं. सव्वा वर्षाच्या काळात अशा चार फेऱ्या झाल्या आणि तीन लाखांहून अधिक माणसं उचलली गेली. मग जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला आणि कालचे कैदी एका रात्रीत दोस्त ठरले. जनरल आंदेर्स यांना पोलिश सैन्य उभारायची परवानगी मिळाली. त्या सैन्याच्या मागोमाग बायकापोरं दक्षिणेकडं निघाली आणि १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सैनिक धरून एक लाखाच्या वर माणसं अशी बाहेर पडली. त्यात साधी बायकामाणसं-मुलं सदतीस हजारांच्या आसपास.

त्यांचं काय करायचं हा प्रश्न मग इंग्रजांपुढं आला. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडीला पोरक्या मुलांसाठी छावणी उभारली, ती गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याहून मोठी छावणी वळिवड्याला झाली. कोल्हापुरात तेव्हा राजाराम महाराजांच्या पश्चात बाल छत्रपतींच्या नावानं कारभार चालला होता. हवा बरी, मिरजेकडं जाणारी रेल्वे दारात, पंचगंगेचं पाणी जवळ. १९४३च्या उन्हाळ्याअखेर लोक यायला लागले ते वाढत वाढत पाच हजारांवर गेले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, कारण धडधाकट पुरुष सैन्यात होते. लांबच्या लांब बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं. फाटकाबाहेर, स्टेशनच्या वाटेवर, पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या आजोबांचं किराणा दुकान. अडतीवरची नोकरी सोडून त्यांनी हा धोका पत्करला होता. हा धंद्याचाच हिशेब होता, दयेचा मुळीच नाही, हे सांगायला आजी विसरत नसे.

कोल्हापूरकरांना पहिल्यांदा ही माणसं उमगेनात. चले जावचं आंदोलन होऊन वर्ष झालं नव्हतं. गोरा म्हणजे साहेब, घोड्यावरचा नाहीतर मोटारीतला, एवढीच ओळख. आणि इथं गोऱ्या बायका नळावर बादल्या घेऊन रांगेत उभ्या, आपली भांडी आपण घासतायत, डोक्याला रुमाल बांधून बाजारात वांग्यांचा भाव करतायत. दादा म्हणत, गावातली माणसं नुसती ते बघायला यायची. कुरकुरही होती. साखर, रॉकेल, कापड सगळं नियंत्रणात, बंगालात माणसं भुकेनं मरतायत अशा बातम्या, आणि ह्यांना सरकार महिन्याच्या महिन्याला खर्चाला पैसे देतंय. ती कुरकुर अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही.

महिन्याचा तो भत्ता मिळाला की दुकानावर गर्दी, आणि विसाव्या तारखेनंतर शुकशुकाट. मग उधारी सुरू. शेजारच्या दुकानदारानं आजोबांना बजावलं, "अवो, ह्यास्नी ना गाव, ना वतन. उद्या गाडीत बसली की संपलं. वसुलीला कुटं जाणार तुमी?"

प्रश्न चोख होता. उधारी कुणाला देतात? ज्याचं घर ठाऊक, शेत ठाऊक, ज्याच्या सासऱ्याला गाठता येतं त्याला. पाच हजार माणसांत एकाचंही घर आजोबांना दाखवता आलं नसतं, आणि त्या माणसांनाही आपण पुढच्या वर्षी कुठं असू ते सांगता आलं नसतं. युद्ध संपेल का, नवरा जिवंत आहे का, आपल्याला कुठं पाठवतील, सगळंच अधांतरी. आजोबांनी तरीही वही घातली. नावं उच्चारता येत नसत, तेव्हा बराकीचा नंबर आणि काहीतरी खूण. चष्मेवाली. दोन जुळ्यांची आई. एक आजीच्या खास ओळखीची बाई होती. त्यांच्यात बाईमाणसाला मानानं 'पानी' म्हणतात, म्हणून आमच्याकडं ती पानीबाई झाली आणि वहीतही तशीच चढली.

पानीबाई कपडे शिवायची. तिच्याकडं हातानं चालवायचं शिवणयंत्र होतं. आजीची आणि तिची गट्टी जमली ती शेपूवरून. बाजारात शेपूची जुडी पाहून ती बाई हरखली, तिनं ती नाकाशी धरली आणि तिथंच रडायला लागली, असं आजी सांगे. त्यांच्या मुलखात काकड्या खारवताना, बटाटे उकडल्यावर, सुपात, सगळीकडं शेपू. आमच्या घरात शेपूचं नाव काढलं की पोरं पळत. पोलंडची बाई शेपूसाठी रडते हे ऐकून दादांना ती माणसं वेडी आहेत अशी खात्रीच पटली. आजी मात्र दर बाजारी तिच्यासाठी जुडी बाजूला काढून ठेवू लागली. स्वतः बांगड्याला मुकलेल्या बाईला ते कळणारच.

आत्याची मैत्रीण पानीबाईची मुलगी. दोघी दोरीवरच्या उड्या मारत, आत्या तिला सागरगोटे शिकवी. नाताळात चर्चमधला गव्हाणीचा देखावा आत्यानं तिच्याबरोबर पाहिला. पण आत्याच्या मनात राहिलं ते वेगळंच. त्या मुलीच्या फ्रॉकच्या खिशात कायम पावाचा तुकडा असे. वाळलेला, कडक. छावणीत खायला पुरेसं होतं, तरी तो असे. एकदा खेळताना तुकडा पडला, कुत्र्यानं नेला, आणि पोरगी थरथरायला लागली. आजीनं आतून भाकरी आणली आणि तिच्या खिशात कोंबली. पुढं आत्या भूगोलाची शिक्षिका झाली, नकाशात अर्खांगेल्स्क शोधलं, आणि लाकडं तोडणाऱ्याला तिथं तोलून मापून पाव मिळे हे तिनं कुठंसं वाचलं. ते मला सांगताना तिचा आवाज बाईंचा होई, आत्याचा राहत नसे.

पेठेतल्या एका पाटीलकाकूंचा मुलगा मराठा पलटणीतून इटलीत लढत होता. पानीबाईचा नवराही इटलीतच, आंदेर्सच्या सैन्यात. मे १९४४ मध्ये माँते कासिनोच्या डोंगरावरचा मठ पोलिश सैन्यानं घेतला तेव्हा छावणीत आनंद झाला आणि मग मेलेल्यांच्या याद्या आल्या. मराठ्यांच्या पलटणीही इंग्रजांच्या त्याच आठव्या सैन्यात, त्याच डोंगराळ मुलखात वर सरकत होत्या. यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये इटलीतच मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पाटीलकाकू आणि पानीबाई एकमेकींचा शब्द न समजता दुकानाच्या पायरीवर बसून डाकेची वाट बघत. दोघींची माणसं जगली. सगळ्यांचीच जगली नाहीत.

मे १९४५ मध्ये युरोपातली लढाई संपली. आजीनं पेढे नेले. "आता तू घरी जातलंस," असं तिनं हातवाऱ्यांनी सांगितलं. पानीबाईनं पेढा घेतला, खाल्ला नाही. फेब्रुवारीतच याल्टाच्या बैठकीत चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांनी पोलंडची पूर्व सरहद्द सरकवली होती. तिचं गाव ल्वूव शहराच्या बाजूचं. ते सोव्हिएत संघात गेलं होतं. जुलैत इंग्लंडनं लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्टांना दिली. छावणीतली माणसं परत गेली असती तर ज्यांनी उचलून नेलं त्यांच्याच हाती. जिंकलेल्या बाजूची असूनही त्यांचं घर हरलं होतं. आजीला यातलं राजकारण कळलं नाही. "लढाई सपली आनि ता बायलमाणूस रडता," हे दृश्य तिला आयुष्यभर कोड्यासारखं राहिलं.

त्याच छावणीच्या वर्तुळात वांदा दिनोव्स्का नावाच्या पोलिश बाई होत्या. थिऑसॉफीच्या ओढीनं त्या युद्धाआधीच हिंदुस्थानात आलेल्या. गांधीजींनी त्यांना उमादेवी नाव दिलं होतं. स्वखुशीनं इथं आलेली ही बाई नाइलाजानं आलेल्या आपल्या लोकांना या देशाची ओळख करून देत होती. पुढं तिबेटी निर्वासित आले तेव्हा धरमशालेत जाऊन त्यांनी त्यांच्या मुलांसाठी काम केलं. आत्याला त्या आठवत नसत. मीच नंतर वाचून तिला सांगितलं, तर म्हणाली, "असणार. एकदा सवय लागली की सुटत नाही."

१९४७-४८मध्ये छावणी रिकामी होत गेली. आंदेर्सच्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना इंग्लंडनं कायदा करून थारा दिला. कुणी ऑस्ट्रेलियाला गेले, कुणी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, थोडे पोलंडला. एका मुलीनं कोल्हापुरातल्या तरुणाशी लग्न केलं आणि ती इथलीच झाली. काही जण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिले. पानीबाईनं शिवणयंत्र पाटीलकाकूंना विकलं आणि वहीतली आपली बाकी पैनपै चुकती केली. बऱ्याच जणांनी केली. काहींना जमलं नाही, रात्रीतून गाडीचा हुकूम यायचा. पाडव्याला वहीपूजन झालं तेव्हा आजोबांनी जुन्या वहीतली त्यांची बाकी नव्या वहीत पुढं ओढलीच नाही. आजी आठवण करायला गेली तर म्हणाले, "कुणाच्या नावावर ओढू? चष्मेवालीच्या?"

इथं गोष्ट थांबवली तर कोल्हापूरकर म्हणून छाती फुगवायला बरी. महावीर उद्यानात स्मारक आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ साली पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. पाहुणचार खरा होता, यात शंका नाही. पण ही गोष्ट आपल्याला इतकी आवडते याचं एक कारण पाहुणे परत गेले हेही आहे, असं मला हल्ली वाटतं.

कारण बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि सिंधमधल्या हिंदूंनी जहाजं गाठली. पोलंडची माणसं ज्या कराचीमार्गे इकडं आली होती, तिथूनच आता हे लोक. कल्याणच्या लष्करी छावणीत लाखभर गेले, त्याचं उल्हासनगर झालं. वळिवड्याच्या बराकींत आले त्यांचं गांधीनगर.

आणि ते येत होते त्याच सुमारास खुद्द कोल्हापूर जळत होतं. गांधीजींचा खून झाल्यावर ब्राह्मणांची घरं पेटवली गेली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. ही गोष्ट दादा सांगत, तीही एकदाच आणि पाणी पीत पीत. गल्लीतल्या मास्तरांचं कुटुंब आमच्या माळ्यावर गुळाच्या ढेपांमागं दोन रात्री बसून होतं. खाली आजी दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेली. ज्या गावानं पाच हजार परक्यांना सांभाळलं, त्याच गावात घराशेजारचा माणूस माळ्यावर लपवावा लागला. दादांचे विटीवाले सगळे किस्से या गोष्टीपाशी थांबत.

सिंधी लोकांना भत्ता नव्हता म्हटलं तरी चालेल इतका तुटपुंजा आधार होता. त्यांची भाषा जवळची होती, पण तीही मराठी नव्हे. उधारीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि शेजारच्या दुकानदारानं पुन्हा तेच बजावलं. आजोबांनी पुन्हा वही घातली. एक कुटुंब होतं : दोघे भाऊ, म्हातारी आई, बायकापोरं. शिकारपूरकडचं, तिकडं घरदार असलेलं. थोरला भाऊ मिरजेच्या गाडीत गोळ्या-बिस्किटं विकी, मग खांद्यावर कापडाचा गठ्ठा टाकून गावोगाव फिरू लागला. म्हातारी आजीला पापड आणि पाणी दिल्याशिवाय उठू देत नसे. पहिलं वर्ष त्यांचं पीठ, डाळ, मीठ आमच्या दुकानातून गेलं. वर्षाच्या आत त्यांनी सगळं फेडलं. धाकट्या भावानं मग बराकीतच किराणा मांडला, आणि आजोबांपेक्षा स्वस्त. मणामागं जेमतेम सुटेल इतक्यावर तो माल विके, सकाळी सहाला उघडी, रात्री दहाला बंद करी. दुकानात बायको बसे, आई बसे, पोर हिशेब करी. दोन-तीन वर्षांत आमच्या शेडवर माशा घोंघावू लागल्या.

आजी संतापली. पोलंडवाल्यांवर कधी न चिडलेली बाई. "ज्येंका उधार दिलास, तेंनीच तुमचा गिऱ्हाईक न्हेला!"

आजोबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, "मग काय जन्मभर त्यांनी आपल्या उधारीवर जगायचं?"

आजोबा बोलायला कमी, त्यामुळं त्यांचं एवढं एक वाक्य घरात टिकलं. पेठेत मात्र तेव्हा वेगळीच भाषा चालू होती : आयते आले, धंदा खाल्ला, लबाड, भेसळखोर. खारेपाटणहून आलेल्या वाण्याबद्दल पंधरा वर्षांपूर्वी थोडंफार हेच बोललं गेलं असणार. लाचार माणसाची कणव लवकर येते. तोच उद्या आपल्या शेजारी गल्ला उघडून बसला की ती कुठं जाते कोण जाणे. पोलंडच्या लोकांसाठी खांब उभा आहे. सिंधी लोकांसाठी कुणी खांब उभारला नाही, त्यांनी स्वतःचा बाजार उभारला.

आजोबांनी शेड मोडली, पत्रे विकले आणि लक्ष्मीपुरीत छोटं दुकान घेतलं. ते बरं चाललं, फार नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियानं हल्ला केला तेव्हा महाराष्ट्रातली वैद्यकीय शिकणारी पोरं थंडीत चालत पोलंडच्या हद्दीवर पोचत होती. ल्वूव, आता ल्विव्ह, टीव्हीवर दिसत होतं. पानीबाईचं गाव त्याच बाजूचं. तिथल्या बायका पोरांना घेऊन पोलंडकडं निघाल्या होत्या आणि पलीकडं पोलंडच्या बायका सूप घेऊन उभ्या होत्या. नव्वदी ओलांडलेली आत्या खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसली आणि नातीला म्हणाली, "त्या सुपात शेपू असणार बघ."

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं ते मात्र त्याच्या खूप आधी, ऐंशीच्या दशकात. तोवर गांधीनगर म्हणजे कोल्हापूर-सांगली-बेळगावचा कापडाचा घाऊक बाजार झालेला. बस्ता तिथंच बांधायचा असं ठरलं आणि आजीनं हट्ट धरला, त्यांच्याच दुकानात जायचं. गल्ल्यावर थोरल्या भावाचा मुलगा, पांढरा सदरा, अस्सल कोल्हापुरी बोली. "काय आजी, कवा आलासा? बसा की!" पापड आला, पाणी आलं. गाद्यांवर साड्यांचा ढीग पडला. आजीनं एक हिरवी पैठणी धरली आणि घासाघीस सुरू केली, ती अर्धा तास चालली. तो हसत होता, हात जोडत होता, आजोबांचं नाव काढत होता, पण भाव खाली येईना. "आजी, ह्यात मला काय उरतंय सांगा की. तुमीच दुकान चालवलंय, तुमास्नी काय सांगायचं?"

आजीनं पापड संपवला, पदर सावरला आणि उठली. शेजारच्या दुकानात तीच पैठणी दहा रुपयांनी कमी मिळाली. तिनं तिथून घेतली, आणि जाताना ती पिशवी त्याच्या गल्ल्यासमोरून मुद्दाम मिरवत नेली.